डॉक्टर थकलेत, आणि रोस्टरवर सही तुमची आहे

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं दीडशे खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय. वर्षभरापूर्वी वैद्यकीय अधीक्षक म्हणून नेमणूक. गेल्या आठ महिन्यांत तीन चांगल्या डॉक्टरांचे राजीनामे, उरलेले चिडचिडे. ट्रस्टींच्या सूचनेवरून दर शनिवारी योग आणि तणावमुक्तीचं शिबिर सुरू केलं, फरक शून्य. 'बर्नआउट हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न की व्यवस्थापनाचा? आणि अधीक्षक म्हणून मी नेमकं काय करू?'

डॉक्टरसाहेब, आधी ते शनिवारचं शिबिर थांबवा. योगावर माझा राग नाही, मी स्वतः रोज सकाळी करतो. पण शिबिराची वेळ काय? बहुतेक दुपारी दोन, ओपीडी उरकल्यावर. म्हणजे शुक्रवारची रात्रपाळी केलेला माणूस घरी जाऊन झोपायचं सोडून बायोमेट्रिकला बोट लावतो, सतरंजीवर बसतो आणि समोरची बाई त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगते. आमच्याकडेही हा प्रकार झाला होता. एक भूलतज्ज्ञ शवासनात चक्क घोरायला लागला. सगळे हसले, मीही हसलो. तो आदल्या सकाळपासून जागा होता हे मला संध्याकाळी कळलं. ड्यूट्यांचं रोस्टर माझ्याच सहीचं होतं.

मी मेडिसिनचा माणूस. एकोणीस वर्षं सरकारी महाविद्यालयात काढली, शेवटी विभागप्रमुख होतो. नंतर ट्रस्टच्या रुग्णालयात प्रशासन पाहिलं. खाली लिहितोय त्यातलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

बर्नआउटला परिभाषेत कोणी कार्यक्लांती म्हणेल, पण वॉर्डात हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिथे पोरं म्हणतात, 'पकलोय सर', 'डोकं चालत नाही', 'कशासाठी करतोय तेच कळत नाही'. आपल्या घरात समई लावतात, त्यामुळे मला ते असं दिसतं: तेल संपलं की ज्योत लगेच विझत नाही, थोडा वेळ नुसती वात जळते. उजेड तेवढाच दिसतो, करपट वास मात्र सुटतो. तो वास आधी सिस्टरला येतो, मग पेशंटला, आणि सगळ्यात शेवटी वरिष्ठांना.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्यांचं काय होतं, हे तो पाहत होता. स्वतःही त्याच कामात होता. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली दिली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: भावनिक थकवा, माणसांशी वस्तूसारखं वागणं आणि 'माझ्या कामाला काही अर्थ नाही' ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणची घटना म्हणून. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर तिथेच आहे. जे कामाच्या जागी तयार होतं, त्याचं औषध एकट्या डॉक्टरच्या घशात ओतून चालत नाही.

प्रश्नावलीतल्या त्या तीन गोष्टींत मला सगळ्यात जास्त भीती दुसरीची वाटते, कारण ती मला झाली होती. लेक्चरर असतानाची गोष्ट. पावसाळा, डेंग्यू आणि लेप्टोची साथ, वॉर्डात खाटांइतकेच पेशंट जमिनीवर गाद्या टाकून. सकाळी राउंडला आलो, कोपऱ्यातली खाट रिकामी दिसली. रात्री तिथला म्हातारा गेला होता. माझ्या मनात पहिला विचार आला, 'चला, एक कमी.' तो मी मोठ्याने बोललो की नाही, आजही खात्री नाही. पण शेजारी केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर लक्षात आहे. मी वाईट माणूस नव्हतो. चौदा दिवसांत एकही सुट्टी झाली नव्हती आणि कोणी विचारलंही नव्हतं.

आता नेतृत्वाकडे वळतो. नेतृत्व म्हटलं की लोकांना अधिष्ठाता, सीईओ, ट्रस्टचे अध्यक्ष आठवतात. डॉक्टरच्या रोजच्या जगण्यात त्यांची जागा फार लहान. त्याचा खरा मालक म्हणजे जो त्याची ड्यूटी लावतो, त्याची रजा मंजूर करतो आणि राउंडला चारचौघांत त्याच्याशी बोलतो तो. युनिटप्रमुख, एचओडी म्हणजे विभागप्रमुख, लहान रुग्णालयात थेट अधीक्षक.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हे मोजून पाहिलं. टेट शॅनाफेल्ट आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८१३ डॉक्टरांनी आपापल्या थेट वरिष्ठाला ६० पैकी गुण दिले. प्रश्न साधे होते: माझं मत विचारतो का, आदराने वागवतो का, बदल होणार असेल तर आधी सांगतो का, चांगलं काम केलं तर तसं म्हणतो का. वरिष्ठाचा एक गुण वाढला की त्याच्या हाताखालच्या डॉक्टरमध्ये बर्नआउटची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी दिसली आणि समाधानी असण्याची ९ टक्क्यांनी जास्त. कोणी म्हणेल, हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण त्या प्रश्नांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत, तेव्हा करून पाहायला हरकत काय?

आपल्याकडे हे जास्तच लागू आहे, कारण आपली पद्धत घराण्याची आहे. सरांनी आम्हाला रगडलं, आम्ही तुम्हाला रगडणार. 'आमच्या वेळी तर' या तीन शब्दांनी सुरू झालेलं वाक्य मी हजारदा ऐकलंय, आणि शंभरदा तरी बोललोय. आमच्या वेळी आयसीयूत चार खाटा होत्या, व्हेंटिलेटर एक होता, मोबाइल नव्हता आणि नातेवाईक डॉक्टरसमोर बसतही नसत. तुलनाच चुकीची आहे.

कामाच्या तासांचं बघा. निवासी डॉक्टरांनी एरवी आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलं. मग २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'वाजवी तास' आणि साप्ताहिक सुट्टी असं म्हटलं. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस केली. ४८ वरून ७४ वर यायला आपल्याला बत्तीस वर्षं लागली. तेही शिफारस म्हणूनच.

तुमच्याकडे निवासी डॉक्टर नाहीत, सगळे पगारी आहेत, म्हणून हा भाग सोडून देऊ नका. रोस्टर काढून बघा. किती दिवस आधी लागतं? माझ्याकडे ते आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यायचं, 'कृपया नोंद घ्यावी' असं लिहून. पोराच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे की नाही, बायकोच्या बाळंतपणाची तारीख कधी आहे, कशाचाही पत्ता लागायचा नाही. आम्ही फक्त एवढंच केलं की महिन्याचं रोस्टर २० तारखेला लावायचं, आणि लावल्यावर बदल करायचा असेल तर अधीक्षकाने स्वतः त्या डॉक्टरला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. फोन करायची लाज वाटते म्हणून निम्मे बदल आपोआप बंद झाले. आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी नाही म्हणजे नाही. सर्जनांनी कुरकुर केली, एका जुन्या सरांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. चालायचंच.

यानंतरची गोष्ट मी सगळ्यांना करायला सांगतो आणि फारच थोडे करतात. एक पूर्ण रात्र आपल्या डॉक्टरच्या मागे फिरा. तपासायला म्हणून नको, नुसतं मागे मागे. मी विभागप्रमुख असताना एका जेआर वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या मागे असा फिरलो. सडपातळ पोरगी, ॲप्रनच्या खिशात पारले-जीचा पुडा. पहिल्या दोन तासांत तिने तीन पेशंट तपासले. उरलेल्या वेळात रक्तपेढीची स्लिप घेऊन स्वतः तळमजल्यावर गेली, कारण मामा (वॉर्डबॉय) एकच आणि तो सीटीला ट्रॉली घेऊन गेलेला. रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेली, कारण रात्री तिथला फोन उचलत नाहीत. एकाच पेशंटचं नाव, वय, नोंदणी क्रमांक वेगवेगळ्या कागदांवर लिहिला. मी बोटांवर मोजले, नऊ कागद. सरकारी योजनेच्या पेशंटचा खाटेवरचा फोटो काढला, कारण सकाळी अपलोड करायचा होता. पहाटे साडेतीनला एका बाईने तिला विचारलं, 'माझा नवरा वाचेल ना?' आणि ती पोरगी म्हणाली, 'सकाळी सर येतील, त्यांना विचारा.' दिवसा मी ते ऐकलं असतं तर तिला झापलं असतं. त्या रात्री गप्प बसलो. बोलायला जी ताकद लागते ती जिन्यांमध्ये संपली होती.

हवाई बेटांवरच्या एका रुग्णालय समूहाने २०१७ मध्ये नेमका याच गोष्टीला हात घातला. कर्मचाऱ्यांना सांगितलं, नोंदींच्या कामात जे जे तुम्हाला मूर्खपणाचं वाटतं ते आम्हाला कळवा, आम्ही काढून टाकू. परिचारिकांना दर तासाला पेशंटकडे फेरी मारल्याची एक खूण संगणकात करावी लागे. ती खूण बंद केली. चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० तास वाचले, एका खुणेपायी! मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वरच्या लोकांनी आपल्याच नियमांना मूर्खपणा म्हणायची परवानगी दिली. आपल्याकडे नियम बदलायचा तर समिती, आणि समितीचं पहिलं काम म्हणजे एक नवा फॉर्म.

पुढे ट्रस्टच्या रुग्णालयात आल्यावर आम्ही अशा नऊ कागदांचे चार केले. नावाची छापील चिकटपट्टी आणली. रात्री आठ ते सकाळी आठ नुसता धावण्यासाठी म्हणून एक जादा मामा ठेवला, मोबाइल देऊन. ट्रस्टींना आधी तो खर्च वाटला. मी त्यांना विचारलं, फिजिशियन सोडून गेला तर नवा मिळेपर्यंत आपल्याला किती महिने लागतात, आणि तोवर आयसीयूच्या किती खाटा रिकाम्या राहतात? ट्रस्टी व्यापारी माणसं होती. गणित त्यांनीच केलं.

मारहाणीबद्दल लिहायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात ती नाही आणि तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात ती रोज असते. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने बेदम मारलं आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कायदा नंतर कामाला येतो. त्या क्षणी फक्त एकच प्रश्न असतो, वरचा माणूस खाली येतो का? आमच्या कॅज्युअल्टीत एका अपघाताच्या पेशंटच्या मृत्यूनंतर साठ-सत्तर माणसं जमली. सीएमओला, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला, सिस्टरने ड्रेसिंग रूममध्ये कोंडून ठेवलं. मी गेलो ते धीटपणाने नाही, पाय लटपटत होते. बाकावर मृताच्या थोरल्या भावाशेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, 'दादा, मी इथला प्रमुख. जे झालं ते मी सांगतो, जे विचारायचं ते मला विचारा. त्या पोराने दोन तास प्रयत्न केले.' पाऊण तास गेला, शिव्याही खाल्ल्या, हात कोणी उचलला नाही. दरवेळी असं निभावेल याची हमी मी देत नाही, पोलिसांना आधीच फोन केला होता. पण तो सीएमओ पुढे सहा वर्षं राहिला. बाहेर जास्त पगार मिळत असताना का राहिलास विचारलं तर तोच बाक काढायचा.

याच्या उलट चित्रही राज्याने पाहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यानंतर पाहणीला आलेल्या एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. औषधं आणि मनुष्यबळाचा तुटवडा हा त्या वेळी चर्चेचा विषय होता, आणि त्या दोन्हींच्या नाड्या अधिष्ठात्याच्या हातात पूर्णपणे नसतात. ती चित्रफीत पाहून पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने काय धडा घेतला असेल? ज्यांना मी 'सर' म्हणतो त्यांनाच कोणी वाली नाही, तर माझं काय. म्हणून अधीक्षकाला नुसतं दोष देणं मला पटत नाही. त्याच्या पाठीशीही कोणी लागतं. शॅनाफेल्टच्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की जो प्रमुख स्वतः करपलेला असतो, त्याला हाताखालचे डॉक्टर गुणही कमी देतात. तुम्ही शेवटची सलग चार दिवसांची रजा कधी घेतली होती?

खाजगी क्षेत्रात आणखी एक विष असतं, आकड्यांचं. महिन्याच्या बैठकीत पडद्यावर प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि पुढे ओपीडीतून किती भरती केले, किती तपासण्या लिहिल्या. मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मनावरच्या घावाला नैतिक जखम म्हटलं होतं. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅल्बट या डॉक्टरांनी तोच शब्द डॉक्टरांसाठी वापरला: पेशंटसाठी काय बरोबर आहे ते माहीत आहे आणि ते करता येत नाही. या जखमेवर सुट्टीचा इलाज चालत नाही, माणूस महाबळेश्वरहून परत येतो आणि पुन्हा त्याच पडद्यासमोर बसतो. तुमच्याकडे असा पडदा असेल तर नावं तरी काढा. मला विचाराल तर पडदाच काढा.

एक सावधगिरी. सगळंच बर्नआउट नसतं. ज्याला घरीही कशात रस उरला नाही, झोप आणि भूक गेली, जो 'मी नसलो तर बरं' अशा सुरात बोलतो, त्याला नैराश्य असू शकतं. तिथे रोस्टर सुधारून भागत नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आपल्या रुग्णालयातला नको, गावाबाहेरचा. कारण लाज ही आपल्या धंद्यातली मोठी अडचण आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ड्यूटीरूमच्या दाराच्या आत लावून ठेवा.

ड्यूटीरूमवरून शेवटचं सांगतो. आमच्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी राजीनामा दिला, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. मी सही केली, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. वर्षभराने कोलकात्याची घटना घडली. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतली डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये जरा पडायला गेली आणि तिथेच तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्या आठवड्यात मला या मॅडमची आठवण झाली आणि मी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, 'सर, ड्यूटीरूमला आतून कडी नव्हती. मी खुर्ची लावून झोपायचे.' मी म्हटलं, सांगायचं ना. त्या म्हणाल्या, 'देखभालीच्या वहीत तीनदा लिहिलं होतं.'

फोन ठेवून मी ती वही मागवली. तिन्ही नोंदी होत्या, तारखेसकट, नीट अक्षरात. प्रत्येकीपुढे 'पाहिले' असं लिहून माझी सही होती.

राजीनामा देऊन गेलेल्या त्या तिघांचे नंबर तुमच्याकडे असतील. एचआरला करायला लावू नका, स्वतः फोन करा. त्याआधी देखभालीची वही एकदा चाळून घ्या.